मासळीच्या वासाचं तेल

डॉक्टरांनी आमच्या ह्यांच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब टिपकागदावर घेतला. काकवीसारखा तपकिरी. कागद हवेत हलवला तरी थेंब लाल होईना. "रंगाच्या कारखान्यात कामाला आहेत ना? हे ॲनिलीनचं विष आहे," ते म्हणाले.

ॲनिलीन म्हणजे सुताला पक्का काळा रंग देताना लागणारं तेल. ताजं असताना पाण्यासारखं दिसतं, हवा लागली की तपकिरी होतं. ते प्यावं लागत नाही, कातडीतूनच आत शिरतं. मग रक्ताला श्वासातली हवा अंगभर नेता येत नाही आणि ओठ-नखं निळी पडतात. त्याला सायनोसिस म्हणतात. हे सारं मला दवाखान्यात कळलं. त्याआधी घरी मात्र मी फार शहाणी होते.

त्या तेलाला शिळ्या मासळीचा वास येतो. मी नवेगाव बांधच्या तळ्यावर मासे धरणाऱ्या ढिवरांची लेक. भर दुपारी हे ओल्या धोतरानं घरी आले, ओठ निळे आणि अंगाला मासळीचा वास. मला वाटलं, काम बुडवून तळ्यात जाळं टाकायला गेले आणि गारठले.

"पाण्यात काऊन उतरले?" म्हणून मी आधी झापलं. डोकं दुखतं, एवढंच ते पुटपुटले. मग माहेरी गारठलेल्याला करतात तसं केलं. शेगडी पेटवली, धोतर अंगावरच वाळेल म्हणून वरून घोंगडी गुंडाळली, छातीला मोहाची दारू चोळली, दोन घोट पाजली. बघता बघता नखं काळी पडली, तेव्हा कुठं बैलगाडी बोलावली.

दवाखान्यात आधी धोतर काढलं; ते पाण्यानं नाही, त्या तेलानं भिजलं होतं. गार पाणी आणि साबणानं अंग तीनदा धुतलं, केस नि नखांच्या कडासुद्धा. तुमच्या घरी असं झालं तर आधी हेच करा, आणि लगेच दवाखाना गाठा.

डॉक्टरांना दारूचा वास आला. "शेकानं विष जास्त आत गेलं, दारूनं त्याचा जोर वाढला. आता वाट पाहायची."

दोन दिवस मी बाकावर बसून ह्यांची नखं पाहत होते. माझ्याच हातानं मी माणूस घालवला, हे एकच डोक्यात होतं. तिसऱ्या दिवशी ओठांवर लाली आली. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

घरी आल्यावर हे ज्याला त्याला सांगत सुटले, बायकोनं मोहाची दारू चोळून वाचवलं. मी ते खोडलं नाही. खरं सांगते, ऐकायला बरं वाटायचं.

महिन्याभरानं शेजारची सखूबाई वाटी घेऊन धावत आली. तिचा नवरा त्याच कारखान्यात होता.

"बाई, थोडीशी मोहाची दे. आमच्या घरच्याचेबी ओठ निळे होऊन राहिले."

हे बाटली काढायला उठले. मी त्यांचा हात धरला.

"देऊ नोका. मी तुमाले वाचवलं नाही. मीच तुमाले मारून राहिली होती."

हे बैलगाडी बोलवायला धावले. सखूबाईच्या हातातली वाटी मी काढून घेतली आणि आम्ही दोघी तिच्या नवऱ्याचे कपडे काढायला पळालो.