दोन बांबूंभोवतीचे वळसे

ऐंशीच्या दशकात मी पालघरच्या एका महाविद्यालयात गणित शिकवीत होतो. मुंबईतील एका संशोधन संस्थेने व्याख्यानाला बोलावले. ते चांगले उतरले तर तेथे नोकरीची जागा मिळण्याचा संभव होता. विधान मी कळवूनही टाकले होते: छिद्रे असलेल्या पृष्ठभागावरील सपाट संयोजनांचा अवकाश सिम्प्लेक्टिक असतो.

संयोजन म्हणजे वाहून नेण्याचा नियम. दिशा सांभाळीत एक बाण पृष्ठभागावरून न्यायचा आणि वळसा घालून मूळ जागी आणायचा. नियम सपाट असेल तर बाण होता तसाच परततो. वळशात छिद्र सापडले तरच तो फिरून येऊ शकतो. अशा सर्व नियमांचा मिळून एक अवकाश होतो. तो सिम्प्लेक्टिक असेल तर त्याच्या मिती जोडीजोडीने येतात.

सिद्धता लिहून झाली होती, पण चैन नव्हते. व्याख्यानाआधीच्या रविवारी बोईसरच्या घरून सायकलने नवापूरच्या किनाऱ्यावर गेलो. बोंबील वाळविण्याच्या बांबूंपैकी दोनच उभे होते. एकाभोवती फिरलो, मग दुसऱ्याभोवती, मग दोहोंभोवती.

जाळे दुरुस्त करणारी एक कोळीण ओरडली, "ओ मास्तर, बांबू आमी बोंबलांना रोवलेत, घाण्याच्या बैलाला नाय!"

"ऱ्हाऊ दे गो," शेजारची म्हणाली, "बायकोनं घरातून काढलेला दिसतो."

मी थांबलो नाही. वाळू हा पृष्ठभाग, बांबू ही दोन छिद्रे, बाहेरची कड हे तिसरे. प्रत्येक वळशात बाण किती फिरतो ते सांगितले की नियम ठरतो. बाण आडवा-उभा कसाही फिरू शकतो आणि वळशागणिक त्याचा अक्ष वेगळा असू शकतो, म्हणून पहिल्या दोन कोनांची बेरीज करून तिसरा मिळत नाही. तीन वळसे, तीन कोन. अवकाश तीन मितींचा. तिनाच्या जोड्या लागत नाहीत.

प्रमेय खोटे होते. सर्वांत लहान उदाहरण मी तपासलेच नव्हते; ते फार लहान वाटले होते.

"आता काय करणार?" पत्नीने विचारले.

"खोटे आहे म्हणून सांगणार."

"जागा जाईल."

"जाईल."

राहिलेल्या दिवसांत एवढे हाती लागले: छिद्रांभोवतीचे कोन बांधून टाकले की अवकाशाचे पापुद्रे सुटतात आणि प्रत्येक पापुद्रा सिम्प्लेक्टिक असतो. सबंध अवकाशाच्या वाट्याला त्याहून सैल अशी पॉयसाँ रचना येते. दोन बांबूंच्या वाळूवर पापुद्रा म्हणजे नुसता बिंदू. तिसरा बांबू रोवला, छिद्रे चार झाली, की तो पसरू लागतो.

व्याख्यानाची सुरुवात मी त्या दोन बांबूंनीच केली. अध्यक्षांनी मधेच विचारले, "म्हणजे आम्ही बाहेरच्या फलकावर लिहिलेले विधान चूक?"

"हो."

"फलक पुसायला कोणाला तरी पाठवा," ते मागे वळून म्हणाले. सभागृह हसले. "तुम्ही बोला."

जागा दुसऱ्याला मिळाली. पत्र वाचून मी पत्नीच्या हाती दिले.

"पुढच्या वर्षी पुन्हा बोलावले आहे," मी म्हणालो. "चार छिद्रांवर."

तिने पत्राची घडी घातली. "म्हणजे तिसरा बांबू लागणार. आधी त्या कोळणींना विचारा, नाहीतर या वेळी मारतील."

चपला अजून पायातच होत्या. तसाच सायकल घेऊन निघालो.