सासूबाईंचा काढा

शिरूरजवळच्या एका प्रयोगशाळेत मी नोकरी करते. औषधी वनस्पतींचे अर्क माणसाला बाधणार तर नाहीत ना, याची पहिली चाचणी आमच्याकडे होते. झेब्राफिश नावाच्या लहानग्या माशांची अंडी काचेसारखी नितळ असतात. ती अर्कात ठेवायची आणि आतलं पिल्लू कसं वाढतंय ते मायक्रोस्कोपखाली बघत राहायचं.

मला दिवस गेल्याचं कळलं तशा सासूबाई कवठे येमाईहून आल्या. पिशवीत दौंडच्या एका जडीबुटीवाल्याकडून मागवलेल्या मुळ्या होत्या. आल्या आल्या काढा उकळून त्यांनी पेला माझ्यापुढे धरला.

"माझी दोन लेकरं पोटातच गेली," त्या म्हणाल्या. "मंग ह्यो काढा घेतला, तवा तुझा नवरा झाला. पी पोरी."

नाही म्हणायला जीभ रेटेना. "आई, आधी आमच्याकडं तपासून बघू का?"

त्या हसल्या. "बघ की. झाडपाला त्यो, त्यानं काय व्हतंय?"

प्रयोगशाळेतल्या साहेबांना विचारून मी काढा कमी-जास्त पातळ करून अंड्यांवर घातला. साध्या पाण्यातली पिल्लं छान वाढली. दाट काढ्यातली मेली. पातळ काढ्यातली जगली, पण हृदयाभोवती सूज होती आणि ठोके मंद पडले होते. मासा म्हणजे माणूस नव्हे, हे मला कळत होतं. तरी तो पेला तोंडाला लावायचा धीर मला होईना.

घरी त्या मेथी निवडत होत्या. जे दिसलं ते सांगितलं. मला वाटलं, रागावतील. त्यांचे हात तेवढे थांबले.

"म्हंजी तुझ्या नवऱ्याला मी इख पाजलं व्हय?"

"नाही हो आई. तुम्ही जिवाच्या आकांतानं केलंत. कशानं काय झालं, ते आता कुणालाच सांगता यायचं नाही."

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

शनिवारी साहेबांच्या परवानगीनं मी त्यांना प्रयोगशाळेत नेलं. एक चांगलं अंडं मायक्रोस्कोपखाली ठेवलं. पदर सावरत त्या वाकल्या आणि कितीतरी वेळ हलल्याच नाहीत.

"अगं, काळीज हालतंय ह्याचं!"

नजर तिथंच, पण त्यांचा हात चाचपडत माझ्या पोटावर आला. "हितंबी असंच चाललं असंल?"

"व्हय," मी त्यांच्याच बोलीत म्हणाले.

"ह्याला काय घातलंय?"

"नुसतं पाणी."

"मंग ऱ्हाऊ दे. आनिक काय नको घालू."

घरी येताच उरलेल्या मुळ्या त्यांनी स्वतः नेऊन टाकल्या. मग जडीबुटीवाल्याला मुलाच्या फोनवरून बजावलं, "पोटुशीला ह्ये देत जाऊ नगंस."

उन्हाळ्यात मला मुलगी झाली. सव्वा महिना सासूबाईंनी तिला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. गावी परतताना एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी तिचा तळवा धरला, आणि गाडी हलेपर्यंत सोडला नाही.