अठरा मिलिमीटर

आधीच सांगतो — भानामती, उतारा असलं कोणी काही काढलं की मी चहाच्या निमित्ताने उठतो. धुळ्याच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. शर्टाच्या खिशात स्टीलची पट्टी कायम. बायको म्हणते, कळण्याची भाकरीसुद्धा मोजून खाल तुम्ही!

सहा वर्षांपूर्वी मला रक्ताचा कॅन्सर झाला. भुसावळच्या ताईने स्टेम सेल्स दिल्या, ट्रान्सप्लांट झालं, वाचलो. पण तिच्या पेशींचं आणि माझ्या अंगाचं जमेना, म्हणून वर्षभर स्टिरॉइड्स खाल्ली. मग तीही बंद झाली. वाटलं, सुटलो एकदाचा.

मागच्या वर्षी रशीदचाचांकडे पँट शिवायला टाकली. माझे जुने टेलर, हात एकदम पक्का. मापाला जुनी पँट दिली होती, अंगावर टेप लावलाच नव्हता. घरी घालून बघतो तर डावा पाय आखूड! पट्टी लावली — अठरा मिलिमीटर. जुनीही मोजली, तिचे दोन्ही पाय सारखे.

तणतणत दुकानात गेलो. "चाचा, चष्मा बदला आता!"

चाचांनी टेप लावला आणि त्यांचा चेहराच उतरला. "सर, दुहेरी कापडावर दोन्ही पाय एकाच कात्रीत कापतो मी. एक आखूड होईलच कसा? ... थांबा, नीट करून देतो."

"राहू द्या," म्हणालो आणि रागारागात तशीच घेऊन आलो. तेव्हा माझा पाय जरासुद्धा दुखत नव्हता, हे लक्षात ठेवा.

चार महिन्यांनी डाव्या जांघेत कळ सुरू झाली. मग लंगडणं. जळगावच्या हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म दाखवली. स्टिरॉइड्समुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला होता, हाड आतल्या आत मेलं होतं आणि आता खचलं होतं. ट्रान्सप्लांटनंतर काही वर्षांनी काहींना होतं असं, म्हणाले.

मग त्यांनी फिल्मवर मोजलं. "डावा पाय आखूड झालाय. अठरा मिलिमीटर."

घरी येऊन ती पँट घातली. दोन्ही पायांना बरोबर बसली... बायको दारातून ओरडली, "काढा ती! काढा म्हणते ना आधी!"

ऑपरेशन करून खुबा बदलला, पाय सारखे झाले. डॉक्टर एवढंच म्हणाले, उजव्याकडे लक्ष ठेवा, तिथंही होऊ शकतं.

आता कॉलेजला परत रुजू व्हायचं म्हणून बायकोच्या हाती चाचांकडे कापड पाठवलं, मापाला तीच जुनी, सारख्या पायांची पँट. परवा सकाळी चाचा स्वतः घरी आले. कापड न कापलेलं, घडी घातलेलं. बसले नाहीत, पाणीही घेतलं नाही.

"सर, मागचं डोक्यात होतं म्हणून ह्या वेळी दोन्ही पाय वेगवेगळे आखले. तीनदा आखलं, तीनदा पुसलं. खडू तिथंच येतो. चौथ्यांदा आखलं ते तसंच ठेवलंय. माझ्याच्याने कात्री नाही चालवली जाणार. माफ करा."

"कुठं येतो, चाचा?"

त्यांनी माझ्या उजव्या पायाकडे पाहिलं आणि ते जिना उतरले.

उजव्या पायाचा एमआरआय सोमवारी आहे. अजून काहीच दुखत नाही. योगायोग म्हणा, म्हातारा घाबरला म्हणा... खरंच म्हणा, मलाही तेच ऐकायचंय. भीतीने जेवण जात नाही. घडी समोर टेबलावर आहे, खडूच्या रेषा आत आहेत, पट्टी खिशात आहे.

उलगडून मोजायला एक मिनिट पुरेल. दोन दिवस झाले, हात धजत नाही.