फुकटचं सॉफ्टवेअर आणि प्रायव्हेट नंबर

माझी सगळी नोकरी दौंडच्या बाजूला स्टेशनमास्तर म्हणून झाली. पुढच्या स्टेशनानं फोनवर प्रायव्हेट नंबर, म्हणजे लाइन मोकळी असल्याचा दोन आकडी परवाना, दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, आणि मिळालेला नंबर परत म्हणून दाखवायचा, म्हणजे ऐकण्यात चूक नको. निवृत्त होऊन शिरूरला आलो, पण संशय काही निवृत्त झाला नाही. दुधवाल्याचं माप मी अजूनही वाकून बघतो.

अशात बायकोच्या मानेतली गाठ काढली. तपासणीचा रिपोर्ट ईमेलवर आला, पीडीएफमध्ये. दौंडच्या डॉक्टरांनी प्रिंट घेऊन बोलावलं होतं आणि आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर ती फाइल काही उघडेना. एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे जायला मी तयार नव्हतो. त्याच्या स्क्रीनवर अर्ध्या तालुक्याची आधार कार्डं उघडी पडलेली असतात. बायकोचा आजार तिच्याआधी बाजाराला कळला असता.

पुण्याहून मुलीनं फोनवर सांगितलं, फाइल बघायचं आणि छापायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तेवढं टाकून घ्या. फुकट म्हटल्यावर माझे कान टवकारले. फुकट ते पौष्टिक असं लोक म्हणतात, मी म्हणत नाही. इंटरनेटवर शोधलं तर जिकडेतिकडे 'डाउनलोड'ची हिरवी बटणं. त्यातलं खरं कुठलं आणि भामटं कुठलं? मुलीनं सांगितलेल्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून एक निवडलं. पुढच्या पानावर आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली: सोबत अँटिव्हायरसही घ्या. माझ्या वतीनं होकार देणारे हे कोण टिकोजीराव? खूण काढली आणि अटी वाचायला बसलो. इंग्रजी अटी, संपता संपेनात. बायकोनं आणून ठेवलेला चहा गार झाला.

शेवटी ती खुर्ची ओढून शेजारी बसली. मानेवर पट्टी तशीच होती.

"अहो, तुमी नक्की कशाला भिताय? त्या सॉफ्टवेअरला, का माझ्या रिपोर्टाला?"

मी तिच्या मानेवरच्या पट्टीकडे बघितलं. मी घाबरलो होतो, हेच खरं. अटी संपल्या असत्या तर फाइल उघडावी लागली असती.

"व्हय ना? मग घ्या प्रायव्हेट नंबर. सत्तेचाळीस. सोडा गाडी."

रेल्वे कॉलनीत सगळा संसार केलेली बाई ती. मी सवयीनं "सत्तेचाळीस" म्हणालो आणि इन्स्टॉलचं बटण दाबलं. थोड्या वेळानं फाइल उघडली. प्रिंटर कुरकुरत कागद ओढायला लागला. कागद बाहेर आला तसा तिनंच उचलून माझ्या हातात दिला, कारण तिला इंग्रजी वाचता येत नाही. मी घाईघाईनं शेवटची ओळ गाठली.

"साधी गाठ आहे," मी म्हणालो. "कॅन्सर नाही."

ती जागची हलली नाही. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं होतं.

"परत म्हना," ती म्हणाली.

मी परत म्हणालो.