माझा आनंदाचा नमुना तास

यजमान गेल्यावर सहाव्या महिन्यात मी डोंबिवलीतल्या आमच्या अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, की मी अतिशय आनंदात आहे. तेही इंग्रजीत, दोन्ही हात वर करून.

मुळात मी मोठ्यानं बोलणारी बाई नव्हे. ठाण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य गेलं. तिथे शिंकसुद्धा मी रुमालात घडी घालून ठेवत असे. पण हे गेले आणि मला घरात बसवेना. पुस्तकं विषयवार लावली, मग लेखकांप्रमाणे, मग उंचीप्रमाणे. रंगाप्रमाणे लावायला घेतली, तेव्हा कोलशेतहून आलेल्या माझ्या लेकीनं, केतकीनं, हातातलं फडकं काढून घेतलं.

"आई, तू आता घराबाहेर पड."

"कुठे?"

"कंबोडियाला."

(मला वाटलं, फार तर बागेत म्हणेल.)

तिथल्या एका संस्थेला तरुण मुलामुलींना इंग्रजी शिकवायला स्वयंसेवक हवे होते. मी अर्ज केला आणि फोन हातातून सुटेना. हे गेल्यापासून पहिल्यांदाच मला काहीतरी हवंसं वाटत होतं. निवड होणार होती लॅपटॉपवरच्या एका नमुना तासावरून.

केतकीनं बजावलं, "हसून शिकव. हातवारे कर. आणि जोरात बोल गं! तुझं बोलणं तुझ्या चष्म्यालापण ऐकू येत नाही. मधेच बेल नको वाजायला, दार नुसतं लोटून ठेव."

दार लोटून ठेवलं. तिथेच घात झाला!

पडद्यावर सगळे तरुण चेहरे आणि कोपऱ्यात निवड करणाऱ्या एक गंभीर बाई. भेटल्यावर काय म्हणायचं, निघताना काय म्हणायचं, हे घाईघाईनं शिकवून झालं. (मला घाईच फार.) मग मी दोन्ही हात वर केले. "हाउ आर यू? आय ॲम फाइन! आय ॲम व्हेरी हॅपी!"

"आय ॲम व्हेरी हॅपी!" पोरांनी गर्जना केली. मला चेव आला.

"लाउडर!"

त्या गर्जनेसरशी दार उघडलं. दारात खडवलीच्या माईवन्सं, ह्यांच्या चुलत बहीण. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना तेव्हा भेटायला येता आलं नव्हतं, म्हणून आत्ता आलेल्या. डोळ्यांना लावायला घेतलेला पदर अर्ध्यावरच थांबलेला. मागे त्यांचे यजमान, अण्णा.

माझे हात अजून वरच होते!

"वहिनी," माईवन्सं म्हणाल्या, "आम्ही समजत होतो, तुम्ही खचलात."

"खचलेय हो," मी कुजबुजले. "फक्त एवढा तास संपू दे."

पण भेटायला आलेलं माणूस थांबत नाही. ते बसतं आणि रडतं. माईवन्सं माझ्या शेजारी, थेट कॅमेऱ्यासमोर बसल्या आणि त्यांनी गळा काढला, "गेला गं माझा भाऊ!"

पोरं चपापली. मग बोफा नावाच्या मुलीला वाटलं, हाही तासाचाच भाग, आता दुःखाचा धडा आला. तिनं मान झुकवून विचारलं, "हाउ आर यू, ग्रँडमदर?" पाठोपाठ सगळ्या वर्गानं विचारलं. माईवन्सं रडता रडता गप्प झाल्या. अण्णांनी मात्र जन्मभर कारखान्यात साहेबांना तोंड दिलेलं. ते सवयीनं उठून उभे राहिले आणि म्हणाले, "फाइन, फाइन. थँक्यू."

"तुम्हीसुद्धा?" माईवन्सं कडाडल्या.

"अगं, लेकरं विचारतायत..."

माईवन्सं उठल्या. भेटायला आलेलं माणूस जाताना 'येतो' म्हणत नाही. पुन्हा अशा कारणानं यायची वेळ नको, म्हणून मुकाट्यानं निघतं. तशा त्या निघाल्या. आणि पडद्यावरचे सगळे हात हलायला लागले, सगळे गळे एकदम ओरडले, "बाय बाय, ग्रँडमदर! सी यू अगेन! सी यू व्हेरी सून!"

एवढं इंग्रजी माईवन्संना येत होतं.

पडद्यावरच्या बाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. मी मनाशी म्हटलं, संपलं. आता पुस्तकं वजनाप्रमाणे लावायची.

"ही मुलं अनोळखी माणसाशी कधीच आपणहून बोलत नाहीत," त्या म्हणाल्या. "आज बोलली. कधी येताय?"

मी गेले. (खडवलीत बातमी मी निघण्याआधीच पोचली होती: वहिनी आनंदानं परदेशी चालली!) पहिल्या दिवशी वर्गात शिरले, तर सगळे उभे. "टीचर, हाउ आर यू?"

इतके महिने भेटायला येणाऱ्या माणसांनी हेच विचारलं होतं आणि मी दर वेळी कोरड्या डोळ्यांनी "ठीक" म्हणून चहा टाकायला आत पळाले होते. इथे पळायला स्वयंपाकघर नव्हतं. मी रडले. माईवन्संना हवं होतं तसं, अगदी गळा काढून!

बोफा पुढे आली. तिनं माझे दोन्ही हात धरून वर केले आणि समजूत घालत म्हणाली, "नो, टीचर. आय ॲम फाइन. रिपीट."

मी नाक ओढत म्हटलं.

मागच्या बाकावरून आवाज आला, "लाउडर!"