नाव न घेता सांगायचा क्रूस

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आमच्या घरात मटण बंद असतं आणि भांडणही बंद असावं अशी अपेक्षा असते. मटण बंद होतं. भांडण मात्र या दिवसांत फक्त वेळ बदलतं आणि प्रार्थनेला येऊन बसतं.

आम्ही हिंडलग्याचे मराठी ख्रिस्ती. घरात मी, माझी बायको, आई आणि आत्ती. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा वारला, तेव्हा ती मुलीला कडेवर घेऊन माहेरी आली. पुढे मुलगी लग्न होऊन निपाणीला गेली, तरी आत्ती आमच्याकडेच राहिली. वडील गेले ते मी शाळेत असताना. आई आत्तीला आक्का म्हणते, शेजारचे आक्का म्हणतात, चर्चचे पाळकसाहेबसुद्धा आक्काच म्हणतात. तिला एक नावही आहे, पण ते आधार कार्डाशिवाय कुठे वापरात नाही.

गेल्या वर्षी आमच्या पाळकसाहेबांनी नवीन पद्धत काढली. या चाळीस दिवसांत रोज संध्याकाळी सात वाजता ते मंडळीतल्या सगळ्यांच्या मोबाइलवर स्वतःच्या आवाजात एक मनन पाठवू लागले. विषय एकच, क्रूसाचा अर्थ. मनन चालू असताना मागून त्यांच्या घरच्या कुकरची शिट्टी ऐकू यायची आणि आज त्यांच्याकडे डाळ शिजतेय की नुसता भात, यावर आत्ती हळूच मत द्यायची. आई मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करायची आणि डोक्यावर पदर घ्यायची. समोर खुद्द पाळकसाहेबच बसलेत असं समजून आत्ती पाय आखडून घ्यायची.

पहिल्याच दिवशी मननाच्या शेवटी पाळकसाहेब म्हणाले, की आज आपण कोणता क्रूस वाहिला याचा प्रत्येकानं मनात विचार करावा. आईला ते ‘मनात’ काही पटलं नाही.

"मनातलं देवाला कळतंय," ती म्हणाली. "आमाला कसं कळायचं?"

मग तिनं घरापुरता नियम केला. मनन संपलं की प्रत्येकानं मोठ्यानं एक वाक्य सांगायचं, आजचा माझा क्रूस काय. अट एकच, कुणाचं नाव घ्यायचं नाही. नाव घेऊन सांगितलं तर ती चहाडी आणि नाव न घेता सांगितलं तर ती प्रार्थना, असा तिचा हिशेब होता.

माझी बायको शिक्षिका आहे. तिनं यातला धोका पहिल्याच संध्याकाळी ओळखला आणि कपडे धुवायच्या मशीनला आपला क्रूस करून टाकलं. एक संध्याकाळ सोडली तर चाळीस दिवस ती मशीनवरून हलली नाही. मी खडेबाजारातल्या बँकेत आहे, त्यामुळे स्कूटर लावायला जागा न मिळणं हा क्रूस मला बारा महिने हाताशी असतो. राहिल्या दोघी.

"आजचा माझा क्रूस म्हंजे," आई डोळे मिटून म्हणायची, "एकदा मीठ घातलेल्या आमटीत परत मीठ पडलं."

"आजचा माझा क्रूस म्हंजे," आत्ती डोळे जास्तच घट्ट मिटून म्हणायची, "अळणी आमटी या घरात कुणाच्या जिभंला कळंनाशी झालीया."

"आमेन," माझी बायको घाईघाईनं म्हणायची.

रोज नवं काहीतरी असायचं. भल्या पहाटे मोबाइलवर मोठ्यानं भक्तिगीतं लागायची. चालू पंखा बंद व्हायचा आणि बंद केलेला दिवा लागायचा. कोंबडा आरवायच्या आत खलबत्ता वाजायचा. हा खलबत्ता आत्तीचा, तिच्या आईकडून आलेला, लोखंडी, एका हातानं उचलणार नाही असा. लसणाची चटणी त्यातच कुटायची हा तिचा धर्म. मिक्सरमधल्या चटणीला ती सिमेंट म्हणते. आमची ही प्रार्थना एखाद्या परक्या माणसानं ऐकली असती तर या घरात भुतं राहतात असा त्याचा समज झाला असता, कारण सगळं आपोआप घडायचं आणि केलेलं कुणीच नसायचं.

मला गंमत वाटायची. दोघी सकाळी एकाच परातीत भाजी निवडत, दुपारी एकाच चटईवर आडव्या होत आणि सात वाजले की एकमेकींना क्रूस ठरवत.

एका संध्याकाळी मात्र गाडी रुळावरून घसरली. आईचा गुडघा दिवसभर ठणकत होता, सकाळी दूध उतू गेलं होतं, आणि ते का उतू गेलं यावर दुपारपर्यंत चर्चा चालली होती. मनन झालं. आईची पाळी आली.

"माझा क्रूस भिंतीवर टांगायचा न्हाय," ती म्हणाली. "त्यो सकाळी उठून चहा मागतोय."

मला हसू फुटलं. बायकोनं माझ्या मांडीला चिमटा काढला. आत्तीनं डोळे उघडले आणि आईकडे न बघता तांब्याकडे बघत म्हणाली, "आज माझा काय क्रूस न्हाय. मीच हाय न्हवं त्यो. उद्या उतरतो."

कुणीच आमेन म्हणालं नाही.

पूर्वी आत्ती रुसली की उचगावला तिच्या मैत्रिणीकडे जायची आणि दिवेलागणीला परत यायची. सरकारनं बायकांना बस फुकट केल्यापासून रुसव्याचा पल्ला वाढलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मोठ्या पिशवीत लुगडी भरली, चष्म्याचं घर भरलं आणि सगळ्यात शेवटी खलबत्ता भरला. खलबत्ता गेला तेव्हा मला कळलं की हा रुसवा उचगावचा नाही, निपाणीचा आहे. आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली होती. ती बाहेर आली नाही.

"आधार कार्ड घेतलंय का विचार त्यास्नी," ती आतून मला म्हणाली, दारापर्यंत ऐकू जाईल अशी.

"घेतलंय म्हण," आत्ती दारातून म्हणाली.

मी घेतलंय म्हणून आईला सांगितलं. एवढाच निरोप झाला आणि आत्ती गेली.

त्यानंतरच्या दोन-चार संध्याकाळी फार अवघड गेल्या. आईची पाळी आली की ती म्हणायची, "आज काय न्हाय." कुकरच्या शिट्टीवरही कुणी काही बोलत नव्हतं. मग एका संध्याकाळी ती डोळे मिटून म्हणाली, "आजचा माझा क्रूस म्हंजे चपात्या कडंनं कच्च्या ऱ्हायल्या."

आमच्याकडे चपात्या माझी बायको करते. त्या दिवशी मशीनचं नाव निघालं नाही. खोलीत आल्यावर ती मला म्हणाली, "जागा रिकामी झालीय आणि आई माझ्याकडं बघायला लागल्यात. आत्तींना घेऊन या. ईस्टरपर्यंत मी टिकत नाही."

तेवढ्यात निपाणीहून आत्तीच्या मुलीचा, माझ्या आतेबहिणीचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती. "दादा, आईनं हितंबी सुरू केलंय. रोज सातला सगळ्यास्नी बसवती. काल तिचा क्रूस काय, तर या घरात चटणी इकत आणत्यात. माझ्या सासूसमोर, रं."

रविवारी उपासना झाल्यावर मी पाळकसाहेबांना गाठून सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता कावरेबावरे झाले.

"अहो, मी मनात म्हणालो होतो," ते म्हणाले.

"तेवढंच आईला पटलं नाही."

"आणखी किती घरांत हे मोठ्यानं चालू असेल?" त्यांनी विचारलं. मला काय माहीत. ते चहाचा कप तसाच ठेवून लोकांच्या घोळक्यात शिरले आणि बराच वेळ एकेकाला बाजूला घेऊन काहीतरी विचारत होते.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मनन आलं ते बायबलमधल्या, शेतावरून गावाकडे येणाऱ्या त्या माणसाचं. तो बिचारा आपल्या कामानं चाललेला, ना ओळख ना पाळख, आणि शिपायांनी त्याला धरून प्रभूचा क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. पाळकसाहेब म्हणाले, की आपण रोज आपल्या खांद्यावर काय आहे तेवढंच मोजतो. मी कुणाच्या खांद्यावर आहे, हे एकदा विचारून बघावं. मग ‘मनात’ हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला. मागे कुकरची शिट्टी झाली.

बायको हळूच "मशीन" म्हणाली. मी स्कूटरचं सांगितलं.  मोबाइल बंद झाला तरी आई त्याच्यासमोर बसून राहिली. जेवताना तिनं मिक्सरमधली चटणी ताटात बाजूला सारली.

"घशाखाली जाईना रं ही," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "शनवारी तुला सुट्टी हाय न्हवं? बस फुकट हाय म्हणून जाऊन यायचं. न्हायतर मी कशाला जातेय."

शनिवारी आम्ही निघालो. कंडक्टरला आईनं आधार कार्ड दाखवलं, मी तेवढं तिकीट काढलं. संकेश्वर येईपर्यंत तिनं मला निदान तीनदा बजावलं की ती माफी मागायला चाललेली नाही, नुसतं बघून यायचं आहे. मी व्हय म्हणत राहिलो.

निपाणीत आतेबहिणीच्या गल्लीत शिरलो तर लांबूनच खलबत्त्याचा आवाज आला. आई थबकली. "हितंच हाय," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम सैल झाला.

आत्तीनं मान वर करून बघितलं. "गुडघा दुखत असताना कशाला आलीस गं?"

"बस फुकट हाय."

"व्हय, तेबी खरंच."

एवढ्यावर दोघींचं भागलं. दुपारभर त्यांनी ओळखीपाळखीच्या सगळ्यांची लग्नं, बाळंतपणं आणि दुखणी काढली, फक्त आपलं काढलं नाही. आतेबहीण माझ्याकडे बघून खुणेनं विचारत होती, नेतोयस ना? मला काही सांगता येत नव्हतं. आईनं तोंड उघडलं नसतं तर आत्ती काही उठली नसती. आणि आईनं तोंड उघडणं म्हणजे काय, हे मी लहानपणापासून बघत आलोय.

सात वाजले. इथंही मोबाइल तांब्याला टेकला होता. मनन झालं, घरच्यांच्या पाळ्या झाल्या आणि आईची आली.

"मी आजचा न्हाय सांगत," ती म्हणाली. "जुना सांगते." आणि तिनं आत्तीचं नाव घेतलं. आक्का नव्हे, नाव. मी ते तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. इथंही ते लिहीत नाही, कारण आमच्या घरचा नियम अजून माझ्यापुरता तरी चालू आहे.

"मालक गेले त्या साली मी अंथरुणातनं उठलेच न्हाय," आई सांगत होती. "भाऊ हिचा गेलता, आन् पडून मी ऱ्हायले. ही पोराला शाळंत धाडायची, मला न्हाऊ घालायची, भात कालवून तोंडात घालायची. तिला रडाय कवा मिळालं, ठाऊक न्हाय. त्या साली मीच हिच्या खांद्यावर व्हते. हिनं ते कुणाला सांगितलं न्हाय. नाव घेऊनबी न्हाय आन् न घेताबी न्हाय."

त्यातलं पोर म्हणजे मी. मला त्या वर्षातलं फारसं काही आठवत नाही. पहाटेचा खलबत्त्याचा आवाज तेवढा आठवतो. तो अंथरुणात ऐकू आला की घर चालू आहे असं वाटायचं आणि परत झोप लागायची. 

आत्तीनं पदरानं चष्मा पुसला. मग म्हणाली, "नाव घेतलंस. नेम मोडलास तू."

"मोडला."

"मग मीबी मोडते." तिनं आईचं नाव घेतलं आणि सगळ्यांकडे बघून सांगितलं, "हिच्या आमटीला मीठ नसतंय. हे मी मरस्तोर सांगणार."

"सांगा की," आई म्हणाली. "घरात येऊन सांगा."

"आमेन," माझी आतेबहीण म्हणाली. एवढं मनापासून आमेन मी चर्चमध्येही ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना आत्तीनं पिशवी उंबऱ्यावर आणून ठेवली. खलबत्ता सगळ्यात तळाला होता. मी पुढे झालो तर तिनं मला हातानं अडवलं आणि आईकडे बघितलं.

"क्रूस न्ह्याय आलीयास न्हवं? उचल मग."

आईनं पदर खोचला आणि पिशवी उचलली. गुडघा सांभाळत गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ती गेली आणि तिथे पिशवी टेकवून उभी राहिली. मी परत पुढे झालो.

"तू व्हय पुढं, तिकीट काढ," आत्ती मला म्हणाली. "तुलाच लागतंय." आणि वाकून तिनं पिशवीचा एक बंद स्वतः धरला.

मी चार पावलं पुढे चालत होतो. मागून दोघींचा आवाज येत होता.

"तुझी बाजू वर घे की गं."

"तुमचीच खाली हाय, आक्का."