दोन नावांची हजेरी

उषाबाईनं पोराला साखळीनं बांधून ठेवलंय, ही बातमी पहिल्यांदा आमच्याच घरात शिजली. आमच्या मंडळींनी, पुष्पाबाईंनी, ती विहिरीवर नेली, तिथून ती हसनाबादच्या बाजाराला गेली आणि परत गावात आली तेव्हा पोराच्या पायात कुलूपही पडलेलं होतं. खरं एवढंच, की साखळी दाराला होती, आतून, आणि ती आमची पोरं आणि आमची शेळी यांच्यासाठी होती. कचरू आत मोकळाच होता. एक खोली आणि चार हात अंगण यांत माणूस जितका मोकळा राहू शकतो, तितका.

आमची दोन्ही घरं भिंतीला भिंत लावून. मधल्या भिंतीला वरच्या बाजूला एक भोक पडलेलं, ते बुजवायचं काम मी आणि उषावहिनींचा नवरा बद्रीनाथ, आम्ही दोघांनी एकमेकांवर ढकलून जन्म काढला. त्यामुळं त्या घरातलं बोलणं मी ऐकत नसे, ते आपसूक यायचं. बद्रीनाथ ट्रकवर डायव्हर. महिना-दोन महिन्यांनी उगवायचा, पोराच्या हातावर चिवड्याचा पुडा ठेवायचा, झोपायचा आणि जायचा. म्हणजे आपसूक येणारं बोलणं ते काय, मायलेकराचंच.

थोरला वसंता पहिलीत गेला त्या साली गावात गोवर होता. पोरगं शाळेतून ताप घेऊन आलं. दाराला कडुलिंब बांधला, सगळं केलं, पण गेलं. मधली दोन तर पाळण्यातच गेलेली. म्हणून शेवटच्याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवून उचलला आणि नाव ठेवलं कचरू. असल्या नावाकडं मरणसुद्धा ढुंकून बघत नाही, अशी आमच्याकडची समजूत. वसंता गेल्यावर उषावहिनींनी या समजुतीत आपली एक भर घातली. कचरूला शाळा बंद.

एक्क्याऐंशी साली पट भरायला साहेबराव गुरुजी दारोदार फिरत आले. गुरुजींची परीक्षा ठरलेली. डोक्यावरून हात नेऊन पल्याडचा कान धरता आला, की पोरगं पहिलीच्या लायक आणि जन्मतारीख एक जून. कचरूनं दाराच्या फटीतूनच कान धरून दाखवला. मग दुसऱ्या हातानं दुसराही.

"लायक हाय की वो," गुरुजी म्हणाले.

"लायक हाय, पर यायचा न्हाई. मी शिकवून राह्यले त्याला."

"तुमी?"

"सातवी पास हाय मी. राजूरच्या शाळंत."

"अक्षरं शिकवाल, ताई. पर चार पोरांत भांडायला कोण शिकवंल?"

उषावहिनींनी आमच्या ओट्याकडं हनुवटी उडवली. "हे भावजी हायेत की."

गुरुजी हसले आणि गेले, पण दरवर्षी यायचे. गावात दोन तट पडले. एक म्हणायचा, आपली पोरं शाळेत जाऊन काय दिवे लावतात, त्यापेक्षा आईनं शिकवलेलं बरं. दुसरा म्हणायचा, ही बाई पोराचं लोणचं घालून राह्यली. वादाची जागा चांदपाशाचा ओटा. तिथं तो शिलाई मशीन चालवायचा. माझं मत विचाराल तर मी ज्या बाजूला चहा असेल त्या बाजूचा.

चांदपाशा मात्र पक्का होता. "गावातल्या समद्या पोरांचे शाळेचे ड्रेस मी शिवले. तेवढं एकच राह्यलं. भाभीनं हो म्हणायचा अवकाश, मी नजरेच्या मापानं शिवीन, बराबर."

वहिनींची शाळा मात्र शाळेसारखी चालायची, हे मला भोकातून ठाऊक. उलटी परात ठोकून घंटा व्हायची. भिंतीवर गेरूनं पाढे लिहिलेले. प्रार्थना व्हायची, एका आवाजात आईची, एका आवाजात लेकाची. मग हजेरी.

"कचरू बद्रीनाथ."

"हजर, बाई."

"वसंता बद्रीनाथ."

मग बारीक आवाजात, "गैरहजर, बाई."

आणि मग पाढे सुरू. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पुष्पाबाईंना सांगायला उठलो आणि परत बसलो. ही बातमी विहिरीवर काही गेली नाही.

शाळा सुटल्यावर कचरू अंगणात गोट्या खेळायचा. एक डाव आपला, एक डाव समोरच्याचा. समोर कोणी नसायचं. समोरचा रडी खेळला की हा रुसायचा आणि कोपऱ्यात जाऊन बसायचा. मग बराच वेळ समजूत काढायला कोणी येत नाही, हे बघून आपणच उठायचा.

तो नऊ वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. वहिनींना ताप आला होता, भरदुपारी घोंगडी पांघरून पडल्या होत्या. शाळा बुडायला नको म्हणून कचरूनं स्वतःच परात ठोकली. प्रार्थना म्हटली. हजेरी घेतली. आपलं नाव पुकारलं, हजर झाला. मग म्हणाला, "वसंता बद्रीनाथ." आणि आवाज थोडा घोगरा करून त्यानंच उत्तर दिलं, "हजर, बाई."

"कोण बोललं रे?" वहिनींचा आवाज.

"वसंता. तू झोपलीस की येतो तो. गोट्या खेळतो."

पलीकडं मग परात पडल्याचा आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी अंगातला ताप तसाच घेऊन उषावहिनी पोराचा हात धरून चांदपाशाच्या ओट्यासमोर उभ्या राहिल्या. ड्रेस मागितला. चांदपाशानं खरंच नजरेनं शिवून ठेवला होता, पण चड्डी वीतभर आखूड निघाली. पोरगं गावानं कायम दाराच्या फटीतून, बसलेलंच पाहिलेलं. उभं किती भरतं, हे कोणालाच माहीत नव्हतं.

गुरुजींनी गणितं घातली आणि एकदम चौथीत बसवलं. इथवर आईचा तट जिंकला. मग हजेरी सुरू झाली आणि कचरू आपलं नाव सोडून दरेक नावाला "गैरहजर, बाई" म्हणू लागला. घरी तसंच असायचं ना. वर्ग हसून लोळला. पोरगं रडत घरी आलं. वहिनींनी तोंड पुसलं, भाकरी वाढली आणि उद्या परत जायचं एवढंच सांगितलं. तो गेला. त्या दिवसभर, आणि त्यानंतर कितीतरी दिवस, शाळा सुटेपर्यंत त्या उंबऱ्यावर बसून असायच्या. साखळी निघाली, आमची शेळी खुशाल आत जाऊ लागली आणि त्या तिला हाकलीनाशा झाल्या.

पुढचं गावासारखंच. कचरू शिकायला जालन्याला गेला, मग पुण्याला नोकरीला. बद्रीनाथ वारला. भोकातून आपसूक येणारं बोलणं बंद झालं. पलीकडं नुसतं भांडं वाजलं तरी पुष्पाबाई मला म्हणायच्या, "हायेत."

दोन हजार पाच साली कचरू गाडी घेऊन आला, बायको आणि मुलगा घेऊन. सूनबाई शिकलेली. ती म्हणाली, पुण्यात आता काहीजण मुलांना शाळेत घालत नाहीत, घरीच शिकवतात. आम्ही दोघं कामाला जाणार, तर आईंनीच यावं आणि नातवाला शिकवावं. यांना तुम्हीच नाही का शिकवलं? कचरू खाली बघत होता. वहिनींनी नातवाला मांडीवर घेतलं, बराच वेळ त्याच्या केसांतून हात फिरवला आणि मग म्हणाल्या, याला शाळेत घाला, मी येत न्हाई.

गाडी गेली. त्या उंबऱ्यावर तशाच बसलेल्या. मला राहवेना. भिंतीला टेकून म्हटलं, "काय वहिनी, तुमची शाळा आता पुण्यात निघून राह्यली, अन् हेडबाईच राजीनामा देती? लेकरू मिळत होतं, पुणं मिळत होतं. या घरात काय ठेवलंय?"

"शाळा कसली, भावजी," त्या म्हणाल्या. "वसंता गेल्यावर घर मला खायला उठायचं, म्हून त्याच्या म्होरं कचरूला बशिवला. नातवाला न्हाई बशिवणार. आता खाऊ द्या मलाच. म्हातारं हाड हाय, घराचेच दात पडतील."